फॉर्म १-ए वरची सही : म्हातारपण, गाडी आणि आम्हा डॉक्टरांचा खोटेपणा

"डॉक्टर, तब्येतीचं काही नाही. फक्त एक सही हवी होती."

हे वाक्य मी ट्रॉम्बेच्या माझ्या दवाखान्यात गेली कित्येक वर्षं ऐकतोय. समोर साठी-सत्तरीतले काका असतात, हातात आरटीओचा फॉर्म असतो आणि डॉक्टरांनी कुठे सही-शिक्का करायचा तिथे एजंटाने पेन्सिलने फुली मारून ठेवलेली असते. बाहेर ताप-खोकल्याचे पंधरा पेशंट बसलेले असतात. काका ओळखीचे असतात, त्यांचं बीपी माझ्याकडेच असतं. "काय काका, बरे आहात ना?" "एकदम फर्स्टक्लास." झाली तपासणी. सही, शिक्का, पुढचा पेशंट.

मीही अशा सह्या केल्या आहेत. आज त्याबद्दल स्पष्ट लिहायचं आहे. माझ्या व्यवसायबंधूंना ते आवडणार नाही, कदाचित तुम्हालाही आवडणार नाही. तरी शेवटपर्यंत वाचा, कारण घरातले बाबा, सासरे, काका किंवा तुम्ही स्वतः अजूनही गाडी किंवा स्कूटर चालवत असाल, तर हा प्रश्न तुमच्या दारात उभा आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली बदल झाले. त्यानुसार वयाची ५५ वर्षं पूर्ण झाली की खासगी गाडीचं लायसन्स एका वेळी ५ वर्षांसाठीच मिळतं. म्हणजे ७२ व्या वर्षी नूतनीकरण केलं की पुढचा प्रश्न थेट ७७ व्या वर्षी. चाळिशीनंतर अर्जासोबत डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, तो हा फॉर्म १-ए. लायसन्सची मुदत संपून वर्ष उलटलं नसेल, तर नूतनीकरणासाठी गाडी चालवून दाखवावी लागत नाही. थोडक्यात, ७२ वर्षांच्या माणसाला पुढची ५ वर्षं रस्त्यावर गाडी चालवता येईल की नाही, याची एकमेव खरी चाळणी म्हणजे डॉक्टरची सही.

आता त्या फॉर्मवर डॉक्टर काय लिहून देतो तेही वाचा. मी अर्जदाराला स्वतः तपासलं आहे, तपासताना लांबचं दिसणं, ऐकणं, हात, पाय, सांधे यांच्याकडे खास लक्ष दिलं आहे आणि माझ्या मते ही व्यक्ती लायसन्स बाळगायला वैद्यकीयदृष्ट्या योग्य आहे, असा त्याचा मतितार्थ आहे. "काय काका, बरे आहात ना?" एवढ्यावर असं लिहून देणं याला मराठीत एकच शब्द आहे : खोटं. हल्ली प्रमाणपत्र ऑनलाइन अपलोड होतं. त्याने खोट्याचं खरं होत नाही, फक्त ते कॉम्प्युटरवरून जातं.

माझी एक सही

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

एकाहत्तर वर्षांचे निवृत्त गृहस्थ. शिस्तीचे, हुशार, चाळीस वर्षं गाडी चालवलेले. "एक ओरखडा नाही डॉक्टर, आजपर्यंत," असं अभिमानाने सांगणारे. मी दोन मिनिटांत सही केली. पुढच्या वर्षी, संध्याकाळी सातच्या सुमारास, सायन-ट्रॉम्बे रोडवरून उजवीकडे वळताना त्यांनी रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईंना उडवलं. बाईंच्या मांडीचं हाड मोडलं. चार घरची कामं करून संसार चालवणाऱ्या त्या बाई सहा महिने घरी बसल्या. त्याही माझ्याच पेशंट. ड्रेसिंगला माझ्याकडेच यायच्या.

काका सारखं एकच सांगत होते, "ती अचानक समोर आली." ती अचानक आलेली नव्हती. पुढे नेत्रतज्ज्ञांनी तपासलं तेव्हा दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला आणि बाजूचं दिसणं बरंच गेलेलं होतं. समोरचं स्पष्ट दिसत होतं, त्यामुळे त्यांना स्वतःला कधी शंकाच आली नाही. बाजूने येणारं प्रत्येक माणूस त्यांच्यासाठी 'अचानक'च येत होतं. नंतर काकू मला म्हणाल्या, "वर्षभर हे गाडी खांबाला घासत होते. ओळखीच्या वळणावर चुकत होते. पण तुम्ही काही विचारलंच नाही."

मी विचारलं नव्हतं. पोलिसांनीही मला काही विचारलं नाही, आरटीओनेही नाही. त्या प्रमाणपत्रावर माझं नाव होतं आणि त्याचा जाब कोणीच मागितला नाही. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच.

फॉर्म काय विचारतो आणि काय विचारत नाही

इथे दुसरी गोची आहे. त्या दिवशी मी फॉर्मप्रमाणे काटेकोर तपासलं असतं, तरी ते काका पास झाले असते.

फॉर्म १-ए विचारतो : चांगल्या उजेडात २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का? तीव्र किंवा पूर्ण रंगांधळेपणा आहे का? रातांधळेपणा आहे का? हॉर्न ऐकू येतो का? हातापायात व्यंग आहे का? हे प्रश्न चुकीचे नाहीत, पण ते जुन्या काळातले आहेत. नंबरप्लेट वाचता येणं म्हणजे नजरेच्या मध्यभागाची तपासणी. काचबिंदू आधी कडा खातो, मध्यभाग शेवटी.

या फॉर्ममध्ये स्मरणशक्तीबद्दल एक प्रश्न नाही. एका वेळी तीन गोष्टींकडे लक्ष ठेवता येतं का, हे विचारलेलं नाही. मान वळते का, पायाच्या तळव्याला पेडल जाणवतं का, झोपेची गोळी चालू आहे का, साखर अचानक उतरते का, यातलं काहीही नाही. भारतात ६० वर्षांवरच्या लोकांमध्ये सुमारे ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आहे. म्हणजे साधारण दर तेरा-चौदा जणांत एक. त्यातले सगळे काही गाडी चालवत नाहीत, पण सुरुवातीच्या टप्प्यातले काही नक्की चालवतात. आणि फॉर्मला त्याचा पत्ताच नाही.

फॉर्म बदलता येत नाही असंही नाही. २०२० मध्ये केंद्र सरकारने याच फॉर्ममध्ये बदल करून सौम्य ते मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना लायसन्सचा मार्ग मोकळा केला. चांगलं केलं. ज्यांना विनाकारण अडवलं जात होतं त्यांच्यासाठी फॉर्म बदलला, मग ज्यांना विनातपास सोडलं जातं त्यांच्यासाठी का बदलू नये?

"मग सत्तरीनंतर लायसन्सच बंद करा"

हे वाक्य मला चाळिशीतली मुलं ऐकवतात, बहुतेक वेळा वडिलांच्या समोरच. माझा याला ठाम विरोध आहे.

पहिलं कारण, रस्त्यावर सर्वात धोकादायक माणूस म्हातारा नसतो. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. मेलेल्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश १८ ते ४५ वयाचे होते. हा आकडा मेलेल्यांचा आहे, चूक कोणाची होती त्याचा नाही, हे मान्य. पण मध्यरात्री ईस्टर्न फ्रीवेवर बाइकच्या शर्यती लावणारे आजोबा मी अजून पाहिलेले नाहीत. हेल्मेट न घालता, मोबाइल खांद्यात धरून वडिलांना 'तुम्ही आता चालवू नका' सांगणारा मुलगा मात्र पाहिला आहे.

दुसरं कारण, वय हे मोजमापच नाही. माझ्याकडे ७८ वर्षांचे एक काका आहेत. डोळे, पाय, डोकं सगळं शाबूत, फक्त दिवसा आणि ओळखीच्या रस्त्यावर चालवतात. आणि ५८ वर्षांचे एक गृहस्थ आहेत, ज्यांची साखर महिन्यात दोनदा झोपेत उतरते आणि ते सकाळी सहाला गाडी काढून वाशीला जातात. सांगा, कोणाची गाडी आधी थांबवायची?

तिसरं कारण, सरसकट सक्तीच्या तपासण्यांचा अनुभव जगात फारसा उत्साहवर्धक नाही. फिनलंडमध्ये सत्तरीनंतर लायसन्ससाठी डॉक्टरी तपासणी लागायची, शेजारच्या स्वीडनमध्ये लागत नव्हती. १९९० च्या दशकात संशोधकांनी दोन्ही देशांची तुलना केली. फिनलंडमधले वृद्ध चालकांचे अपघात त्यामुळे कमी असल्याचं दिसलं नाही, उलट पायी चालणाऱ्या वृद्धांचे मृत्यू तिथे जास्त होते. जपानने २००९ पासून ७५ वर्षांवरच्या चालकांना नूतनीकरणाआधी स्मरणशक्तीची चाचणी लावली. तिथल्या अभ्यासात गाडीचे अपघात घटलेले दिसले, पण चालत आणि सायकलने जाणारे वृद्ध जास्त जखमी झाले. गाडी सोडलेला माणूस घरात बसत नाही, तो रस्त्यावर येतो. आणि आपल्याकडे रस्त्यावर येणं म्हणजे काय, ते रिफायनरीचे टँकर, देवनारला जाणारे कचऱ्याचे डंपर आणि फुटपाथवर लावलेल्या गाड्या यांतून वाट काढणाऱ्या ट्रॉम्बे-मानखुर्दकरांना मी सांगायची गरज नाही.

मग तपासणीला अर्थच नाही का? आहे, पण कोणत्या तपासणीला ते पाहा. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात उपचार करणाऱ्या डॉक्टरने ज्यांना 'तुम्ही गाडी चालवण्यायोग्य नाही' असा इशारा दिला, अशा एक लाखाहून अधिक पेशंटांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. इशाऱ्यानंतर त्यांचे गाडी चालवतानाचे गंभीर अपघात सुमारे ४५ टक्क्यांनी कमी झाले. हे सगळ्या वयांचे पेशंट होते. त्याच अभ्यासात हेही दिसलं की नैराश्याच्या तक्रारी वाढल्या आणि बरेच पेशंट त्या डॉक्टरकडे पुन्हा फारसे फिरकले नाहीत.

मला यातून जे समजतं ते असं : पाच वर्षांतून एकदा उठणारा शिक्का फारसा कामाचा नाही. तुम्हाला ओळखणाऱ्या डॉक्टरने, तुमचा आजार बघून, वेळेवर तोंडावर सांगितलेलं सत्य कामाचं आहे. त्याची किंमत डॉक्टर आणि पेशंट दोघांनाही मोजावी लागते. आम्हाला ती किंमत मोजायची नाही, म्हणून आम्ही सही करतो.

खरी तपासणी कशी असते?

माझ्याकडे आता याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. दवाखान्याच्या गर्दीत नाही, वेगळी वेळ देतो. तुमच्या डॉक्टरने यातलं काय केलं, ते मोजून बघा.

१. डोळे. चष्मा लावून तक्ता वाचायला लावतो. मग समोर बसून दोन्ही बाजूंनी बोटं हलवतो आणि विचारतो, कुठपर्यंत दिसतात. शंका आली की नेत्रतज्ज्ञांकडे, डोळ्याचा दाब आणि बाजूची नजर तपासायला. एक गोष्ट लक्षात ठेवा : साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. म्हणून रात्री, पावसात आणि समोरून हेडलाइट आल्यावर त्रास होतो. इंग्लंडच्या राणीचे पती प्रिन्स फिलिप यांनी जानेवारी २०१९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, गाडी काढताना दुसऱ्या गाडीला धडक दिली. सूर्यामुळे डोळे दिपले, असं त्यांनी सांगितलं. पुढच्याच महिन्यात त्यांनी लायसन्स परत केलं.

२. मान, पाय, चाल. मान दोन्हीकडे वळवून मागे बघता येतं का? दहा फूट जाऊन वळून परत यायला नऊ सेकंदांहून जास्त लागत असतील तर मी सावध होतो. मधुमेह असेल तर तळव्यांची संवेदना तपासतो. ज्या पायाला चप्पल निसटलेली कळत नाही, त्या पायाला ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटरमधला फरकही उशिरा कळतो. एप्रिल २०१९ मध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या चालकाने ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. एक आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी जागीच गेल्या. त्या चालकाला पुढे पाच वर्षांची शिक्षा झाली.

३. डोकं. कागदावर घड्याळ काढायला सांगतो आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला लावतो. मग आकडा आणि अक्षर आलटून-पालटून जोडायला देतो : १, क, २, ख, ३, ग असं. हा पोरखेळ वाटतो, पण चौकात सिग्नल, पादचारी आणि मागची बस एकाच वेळी सांभाळायला मेंदूला हेच करावं लागतं. तीन मिनिटांहून जास्त वेळ लागला किंवा वारंवार चुका झाल्या, तर पुढची तपासणी लागते. एका चाचणीवरून मी कोणालाही नापास करत नाही.

४. औषधांची पिशवी. ही सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. झोपेसाठी अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम, सर्दीसाठी क्लोरफेनिरामिन असलेली गोळी, पायांच्या जळजळीसाठी प्रिगॅबालिन, प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन. यातल्या कोणी गुंगी येते, कोणी उभं राहिल्यावर बीपी पडतं. तीन डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्या आणि सगळ्या गोळ्या एकाच पोटात.

५. साखर, चक्कर, फिट. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी गाडी काढण्याआधी साखर बघावी. ९० च्या खाली असेल तर आधी खा, मग थांबा, मग चावी घ्या. शुद्ध हरपण्याचा एकही प्रकार झाला असेल तर कारण सापडेपर्यंत गाडी बंद.

६. घरची माणसं. काकूंना किंवा मुलाला मी बाजूला घेऊन, काकांना सांगून, एकच प्रश्न विचारतो : "नातवाला यांच्या गाडीत, यांच्यासोबत एकट्याला पाठवाल का?" उत्तर द्यायला घरातलं माणूस थांबलं, की मला अर्धी तपासणी कळते.

या तपासणीचा उद्देश चावी काढून घेणं हा नाही. अनेकदा उलटंच होतं. मोतीबिंदू निघतो, ऑपरेशन होतं आणि माणूस पुन्हा नीट चालवू लागतो. अमेरिकेतल्या एका अभ्यासात ऑपरेशन करून घेतलेल्यांचे अपघात, न करून घेतलेल्यांच्या तुलनेत निम्मे होते. बी-१२ ची कमतरता भरून काढता येते. गोळी बदलता येते. श्रवणयंत्र लावता येतं. पण आधी कोणीतरी बघायला तर हवं!

"पण डॉक्टर..."

"पण डॉक्टर, तुम्ही नाही केली तर समोरचे करतील." करतील, मला माहीत आहे. मध्यंतरी माझ्या स्वतःच्या फॉर्मसाठी मी एका डॉक्टर मित्राकडे गेलो. मीही पन्नाशी ओलांडली आहे. त्याने चहा मागवला आणि माझ्याकडे न बघता सही केली. मी म्हटलं, "अरे, तपास की." तो हसला. "तुला काय झालंय?" हाच आमचा आजार आहे. दुसरा दुकानदार भेसळ करतो म्हणून मीही करावी, हे आपण वाण्याकडून ऐकून घेत नाही, मग डॉक्टरकडून का घ्यावं?

"पण बाबांनी चाळीस वर्षांत एकही अपघात केला नाही." चाळीस वर्षांचा अनुभव खरा आहे, पण तो चाळीस वर्षांपूर्वीच्या डोळ्यांचा आणि पायांचा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. ब्रेकवर पाय पडायला फक्त अर्धा सेकंद उशीर झाला, तर गाडी आठ मीटर पुढे गेलेली असते. आठ मीटरमध्ये झेब्रा क्रॉसिंगवरची दोन शाळकरी मुलं येतात.

"पण त्यांचं मन मोडेल." मोडेल. हा आक्षेप मी सगळ्यात गंभीरपणे घेतो. आपल्याकडच्या या पिढीत कित्येक घरांत गाडी एकट्या काकांनाच येते. काकांची गाडी थांबली की काकूंचं देऊळ, भाजी, बहिणीचं घर सगळं थांबतं. म्हणून चावी काढून घेण्याआधी पर्याय द्यायला हवा, तो देण्याची जबाबदारी मुलांची आहे.

"पण ते फक्त स्कूटर चालवतात." फक्त? स्कूटरवर तोल, मान, नजर तिन्ही लागतात आणि पडल्यावर वाचवायला पत्राही नसतो. पुढे उभा केलेला नातू, मागे दप्तर आणि हेल्मेट आजोबांनाच नाही, हे दृश्य मी रोज सकाळी शाळेच्या वेळी पाहतो.

घरच्यांनी काय करावं

महिन्यातून एकदा बाबांच्या शेजारच्या सीटवर बसा. मोबाइल खिशात ठेवून, टीका न करता बसा आणि या गोष्टी बघा : सोसायटीच्या खांबाला किंवा गेटला नवे ओरखडे, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळ, वळल्यावरही चालू राहिलेला इंडिकेटर, दुसऱ्यांचे वाढलेले हॉर्न, उजवीकडे वळताना अंदाज चुकणं, पादचारी उशिरा दिसणं, एरवी शांत असणाऱ्या माणसाची स्टिअरिंगवर चिडचिड. एखादी गोष्ट एकदा घडली तर सोडून द्या. दोन-तीन गोष्टी पुन्हा पुन्हा घडत असतील तर डॉक्टरकडे आणा. अजून खात्री हवी असेल तर चांगल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या अनुभवी शिक्षकाला तासभर सोबत बसवा. बाहेरच्या माणसाचं मत बाबा ऐकतात, तुमचं ऐकत नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे.

गाडी एका दिवसात बंद करू नका. पायरीपायरीने उतरा. आधी रात्रीचं बंद. मग पावसातलं. मग फ्रीवे आणि सायन-पनवेल हायवे. मग गर्दीच्या वेळचं. नातवंडांना सोडणं-आणणं वेगळं ठरवा. शेवटी फक्त सकाळची, ओळखीची, जवळची फेरी उरते आणि एक दिवस तीही सुटते. स्वतःहून सोडलेली गाडी आणि हिसकावलेली चावी यात फार फरक आहे.

आणि थोडा हिशोब करा. विमा, पेट्रोल, सर्व्हिसिंग, पार्किंग यांचा वर्षाचा खर्च कागदावर मांडा. मुंबईत रिक्षाचं किमान भाडं २०२५ मध्ये २६ रुपये झालं. तेवढे पैसे दर महिन्याला बाबांच्या हातात वेगळे ठेवा आणि सांगा, हे फक्त रिक्षा-टॅक्सीचे. वडिलांना मुलाकडे भाड्याचे पैसे मागावे लागले, तर ते मागणार नाहीत. गाडी काढतील.

डॉक्टरने थांबा सांगूनही कोणी ऐकत नसेल, तर कायद्यात वाट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६ प्रमाणे, एखादी व्यक्ती आजारामुळे गाडी चालवायला अयोग्य आहे असं मानायला सबळ कारण असेल, तर लायसन्स देणारा अधिकारी मुदत संपायची वाट न बघता नव्याने वैद्यकीय प्रमाणपत्र मागू शकतो किंवा लायसन्स रद्द करू शकतो. आपल्या भागासाठी ते वडाळ्याचं आरटीओ. हा शेवटचा उपाय आहे, पण तो आहे हे माहीत असू द्या.

माझं म्हणणं एवढंच

सरकारने फॉर्म १-ए मध्ये स्मरणशक्ती, बाजूची नजर, चालू औषधं आणि शुद्ध हरपणं यांचे रकाने घालावेत. सत्तरीनंतर 'हो' किंवा 'नाही' एवढंच न ठेवता 'फक्त दिवसा' अशी अट घालून लायसन्स देण्याची सोय करावी. आम्हा डॉक्टरांनी न तपासता सही करणं आजपासून थांबवावं. त्यासाठी कोणत्याही जीआरची गरज नाही. आणि तुम्ही 'फक्त सही' मागणं थांबवावं.

माझ्या दवाखान्यात मी नियम केला आहे. सहीचे पैसे घेत नाही, तपासणीचे घेतो. तपासणीत जे निघेल ते केसपेपरवर लिहितो आणि काकांसमोर, घरच्यांसमोर सांगतो. काही काका रागावून गेले, परत आले नाहीत. त्यांच्यातल्या दोघांनी बाहेरून सही आणली, हेही मला कळलं. वाईट वाटतं. पण त्या बाई ड्रेसिंगला यायच्या तेव्हा जे वाटायचं, त्यापेक्षा हे बरं.

तर काका, लायसन्सची मुदत संपत आली असेल तर जरूर या. चष्मा आणा, औषधांची पिशवी आणा, काकूंना सोबत आणा आणि अर्धा तास काढून या. बहुतेकांना मी आनंदाने सही देतो. फक्त ती सही खरी असेल.